नानशुन: रेशमाच्या पैशावर उभं राहिलेलं गाव

गुरुवार, शांघाय

शांघायच्या आजूबाजूला कालव्यांची जुनी गावं पुष्कळ आहेत. चौच्वांग, थोंगली, शीतांग, वूचन. चूच्याच्याओला तर शहरातून मेट्रोनंच जाता येतं, म्हणून घाईतले पाहुणे तिथेच जाऊन येतात. माझा भाचा निनाद शांघायला नोकरीला आहे. त्यानंही तेच सुचवलं. "मावशी, सकाळी जाऊ, संध्याकाळी परत. सगळी गावं सारखीच दिसतात गं. पूल, कंदील आणि पर्यटक." पण मला नानशुनच पाहायचं होतं, आणि त्याचं कारण येवल्यात आहे. माझं माहेर येवल्याचं. आता पैठणीचं रेशीम बंगळूरकडून येतं, पण एकोणिसाव्या शतकात येवल्याच्या मागांवर चीनचं कच्चं रेशीमही मुंबईमार्गे येत असे. त्या काळी शांघाय बंदरातून जे पांढरं रेशीम बाहेर पडे, त्यातला मोठा हिस्सा हूचौ शहराच्या परिसरातला, आणि त्याची बाजारपेठ होती नानशुन.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी व्यवहाराचं आधी सांगून टाकते. भारतीयांना चीनचा पर्यटक व्हिसा आता मिळतो. चीनमध्ये रोख पैसे घेतात, पण सुट्टे देताना दुकानदाराचा चेहरा पडतो. अलीपे किंवा वीचॅट हे पैसे देण्याचं अॅप घरूनच फोनवर टाकून आपलं कार्ड त्याला जोडून ठेवावं. गूगलचे नकाशे तिथे भरवशाचे नाहीत, त्यासाठी चिनी अॅप लागतं. विमान फूतोंगला उतरलं आणि पुढची रेल्वे होंगछ्याओ विमानतळालगतच्या स्टेशनवरून असली, तर दोन्ही विमानतळांना जोडणारी नवी गाडी चाळीसेक मिनिटांत पोचवते. मेट्रोनं गेलात तर दीड तास धरा.

संध्याकाळी 'बंड' नावाच्या नदीकाठच्या रस्त्यावर फिरलो. तिथली हिरव्या टोकदार छपराची इमारत १९२९ साली व्हिक्टर ससून यांनी बांधली. आमच्या ह्यांना ससून डॉक आणि काळ्या घोड्याजवळचं डेव्हिड ससून वाचनालय माहीत, त्यामुळे त्यांना एकदम गावाकडचं कुणी भेटल्यासारखं झालं. पण ही ओळख काही निर्मळ नाही. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून जहाजांनी चीनला जायची आणि तिच्या पैशातून इथला चहा नि रेशीम विकत घेतलं जायचं. ससून काय, जमशेटजी जीजीभाई काय, दोघांच्याही संपत्तीत हा व्यापार आहे. उद्या जे वाडे बघायचे, ते या व्यवहाराच्या चिनी टोकाला उभे आहेत, एवढं डोक्यात ठेवून झोपलो.

शुक्रवार, होंगछ्याओ ते नानशुन

होंगछ्याओ स्टेशन विमानतळापेक्षा मोठं वाटतं. तिकीट म्हणजे आपला पासपोर्टच. आरक्षण साधारण पंधरा दिवस आधी उघडतं, कागद काही मिळत नाही, फाटकावर पासपोर्ट दाखवायचा आणि आत जायचं. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं, तेव्हा आपल्याकडच्यासारखं धावत येऊन डब्याला लटकण्याची सोय नाही.

पूर्वी नानशुनला यायचं तर बस किंवा हूचौपर्यंत वळसा. २६ डिसेंबर २०२४ ला शांघाय-सूचौ-हूचौ हा जलदगती मार्ग सुरू झाला आणि नानशुनला स्वतःचं स्टेशन मिळालं. आता तासाभराच्या आत पोचतो. खिडकीतून आधी कारखाने, मग गोदामं, मग पाणी. हा सगळा भाग ताइहू सरोवराच्या काठचा सपाट खोलगट मुलूख. शेत आणि तळं यात फरक करणं कठीण. ह्यांनी खुर्चीसमोरच्या ताटलीवर पाण्याचा पेला ठेवून तो हलतो का ते पाहिलं. हलला नाही. त्यानंतर पाच-सहा वेळा तेच.

स्टेशनवरून टॅक्सी केली. बाहेरचं नानशुन हे कुठल्याही चिनी तालुक्याच्या गावासारखं, रुंद रस्ते आणि उंच इमारती. जुनं गाव त्याच्या पोटात आहे. आमची खोली कालव्याला लागून असलेल्या एका जुन्या घरात होती. मालकीणबाईंनी पासपोर्टचे फोटो काढून पोलिसांकडे नोंद केली (परदेशी माणसाची ती करावीच लागते) आणि समोर दोन काचेचे पेले आणून ठेवले.

हा इथला भाजक्या दाण्यांचा चहा. पेल्याच्या तळाशी धुरावर सुकवलेले हिरवे सोयाबीनचे दाणे, वर वाळलेल्या संत्र्याच्या सालीचे तुकडे, भाजलेले तीळ, आणि चहाची चार पानं. त्यावर कढत पाणी. रंग जवळजवळ नाहीच. पहिला घोट खारट लागतो, मग धुराचा वास येतो, मग सालीचा कडवट गोडवा. चहा पिऊन झाला की तळाचे दाणे चावून खायचे. ते पेला तोंडात उपडा करून, तळावर टिचकी मारून तोंडात पाडायचे असतात, हे बाईंनी करून दाखवलं. हे म्हणाले, "याला चहा का म्हणायचं? ही तर उसळ आहे." पण तिसरा पेला त्यांनीच मागितला.

दुपारी गाव चालून आलो. रचना सोपी आहे. पूर्व-पश्चिम जाणारा दीतांग कालवा आणि त्याला काटकोनात दक्षिणेकडे फुटलेला गावातला कालवा. बाजार, वाडे, पूल सगळं या दोहोंच्या काठानं. उत्तरेच्या जुन्या वस्तीपासून दक्षिण टोकाच्या बागेपर्यंत न थांबता चाललं तर अर्धा-पाऊण तास, पण न थांबता कुणी चालत नाही. दीतांगचा हा जुना प्रवाह आणि त्यालगतचं गाव २०१४ साली जागतिक वारसा ठरलेल्या ग्रँड कॅनॉलच्या यादीत आहे. मालवाहतूक आता गावाबाहेरच्या रुंद पाण्यातून जाते. तिकडे संध्याकाळी मुद्दाम गेलो. एकामागोमाग एक लोखंडी तराफे शांघायच्या दिशेनं दगड-खडी घेऊन चालले होते, पाण्यात इतके खोल बुडालेले की कठड्यावरून हात घातला तर ओला व्हावा. एका तराफ्यावर मागच्या खोलीपुढे कुंड्या, वाळत घातलेले कपडे आणि एक कुत्रा. कालवा म्हणजे कंदिलांचं प्रतिबिंब असं ज्यांना वाटतं त्यांनी अर्धा तास इथे उभं राहावं.

रात्री जेवणाचा प्रश्न. नानशुनची प्रसिद्ध डिश म्हणजे दुहेरी शेवया: रश्शातल्या शेवयांवर तळलेला मासा आणि शिजवलेलं डुकराचं मांस, दोन्ही एकाच वाडग्यात. मी मासा घेतला. हे शाकाहारी. निनादनं फोनवर चिनीत एक मजकूर लिहून दिला होता: मांस नाही, मासा नाही, अंडं चालेल, डुकराची चरबीही नको. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण नुसतं भाजी म्हटलं तर ती बरेचदा चरबीतच परतलेली असते. बाईनं वाचलं, हसली, आणि कोवळ्या बांबूचे कोंब व हिरवी पालेभाजी घालून शेवया केल्या. एप्रिल म्हणजे बांबूच्या कोंबांचा मोसम, त्यामुळे ह्यांचं ताट माझ्यापेक्षा चांगलं निघालं.

शनिवार, हत्तींचे वाडे

नानशुनकरांनी आपल्या सावकारांची प्रतवारी जनावरांवरून केली होती. चार हत्ती, आठ बैल, बहात्तर सोनेरी कुत्रे. दहा लाख ताएल (जुनं चिनी वजनी माप) चांदीच्या वरचा तो हत्ती, पाच लाखांच्या वरचा बैल, त्याखालचा कुत्रा, अशी एक वाटणी सांगतात. आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, जनावरं मात्र ठरलेली. एका गावात इतके धनाढ्य कसे झाले? ब्रिटिशांशी झालेल्या १८४२ च्या नानकिंग तहानंतर पुढच्याच वर्षी शांघाय बंदर परदेशी व्यापाऱ्यांना खुलं झालं. तोवर हे रेशीम डोंगर ओलांडून पार दक्षिणेला कॅन्टनला न्यावं लागे. आता नानशुनहून होडीत टाकलं की पाण्यापाण्यानं शंभरेक किलोमीटरवर शांघाय. शेजारच्या ची-ली खेड्याचं रेशीम बारीक, एकसारखं आणि शुभ्र म्हणून आधीच नावाजलेलं होतं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हूचौच्या रेशमानं पारितोषिक मिळवलं. ज्याच्याकडे माल होता आणि ज्याला परदेशी पेढ्यांशी बोलता येत होतं, तो हत्ती झाला.

रेशीम संग्रहालयात एक बाई कोषांतून धागा काढून दाखवत होती. गरम पाण्याच्या घंगाळात कोष तरंगत होते. तिनं छोट्या झाडूसारखी काडी पाण्यात फिरवली, काडीला टोकं चिकटली, ती उचलून आठ-दहा कोषांची टोकं एकत्र करून तिनं एका भोकातून वर ओढली आणि पायानं चाक फिरवायला सुरुवात केली. एका कोषातून हजारेक मीटर तंतू निघतो. तो सुटत असताना कोष पाण्यात नाचतो, आणि संपत आला की भिंत पातळ होऊन आतला किडा दिसू लागतो. एक संपला की बाई न थांबता दुसऱ्याचं टोक त्यात फेकते, ते आपोआप धरलं जातं. आमच्याकडे रेशीम येतं ते याच्या पुढच्या टप्प्यावर, लडी होऊन. मग असारीवर, म्हणजे धागा गुंडाळायच्या चाकावर चढतं, तिथून कांडीवर. असारी मी लहानपणी फिरवली आहे. तिच्या आधीचं चाक बघायला पंचावन्न वर्षं आणि एवढा प्रवास लागला. मी फोनमधले येवल्याच्या मागाचे फोटो बाईला दाखवले. तिनं पदरावरचा मोर मोठा करून पाहिला आणि मागची बाजू दिसेल असा फोटो आहे का, ते खुणेनं विचारलं. जाणकार बाई. विणकामाची परीक्षा उलट्या बाजूनंच करतात.

तिथून चांग शमिंग यांचा वाडा. चार हत्तींपैकी एक चांग घराण्यातला, त्याचे हे नातू, वाडा १८९९ ते १९०६ मधला. पुढून चौकामागे चौक, लाकडी कोरीव खांब, दगडात कोरलेली केळीची पानं. सगळं चिनी शिस्तीत. चालत चालत मागे जाता, एक दार ओलांडता, आणि एकदम फ्रान्स. लाल विटांची भिंत, नक्षीचे ओतीव खांब, पायाखाली फ्रान्सहून आणलेल्या फरशा. हे नाचघर आहे. जोडीनं नाचायचं दालन, तेही अशा गावात जिथे त्या वेळी बायकांचे पाय बांधत असत. मधल्या एका दालनाच्या खिडक्यांना निळी काच आहे, तीही फ्रेंच, तिच्यावर फळाफुलांची चित्रं कोरलेली. दुपारचं ऊन तिच्यातून येतं तेव्हा फरशीवर निळा ठसा पडतो आणि सगळे त्यात हात धरून फोटो काढतात. आम्हीही काढले.

मला या नाचघराचं राहून राहून नवल वाटत होतं. पुढून कुणाला दिसू नये आणि मागे असावंच, असा त्याचा बेत आहे. दर्शनी बाजूला वाडवडिलांचा मान, आतल्या बाजूला हौस. ल्यू या दुसऱ्या हत्तीच्या घराण्याच्या लाल घरातही तोच प्रकार. याच चांगांच्या घरातले चांग चिंगच्यांग १९०२ मध्ये पॅरिसला गेले, तिथे चहा, रेशीम आणि जुन्या वस्तूंचं दुकान काढलं आणि त्यातला पैसा सन यत-सेन यांच्या क्रांतीला पुरवला. राजेशाही उलथवणाऱ्यांचा खर्च सावकाराच्या पोरानं उचलला, हे नानशुनमध्ये ऐकायला फारसं विचित्र वाटत नाही.

दुपारी दक्षिण टोकाची श्याओल्यानच्वांग बाग. ल्यू योंग या हत्तीनं १८८५ मध्ये सुरू केली, नातवानं १९२४ मध्ये पुरी केली. मधोमध मोठं कमळतळं. कमळं पाहायची तर जून उजाडल्यावर या, आम्हाला पाण्यावर टेकलेली कोवळी पानंच दिसली. बाग सुरेख आहे, पण सूचौच्या बागा पाहिलेल्यांना नवं काही नाही. शनिवारी तिथे भाड्याचे जुने पोशाख घातलेल्या मुलींची फोटोसाठी रांग असते. फार रेंगाळलो नाही.

शेजारचं च्याये ग्रंथालय मात्र सोडू नका. तोच नातू, ल्यू छंगकान. त्याला रेशमापेक्षा पुस्तकांत रस. १९२० ते १९२४ मध्ये त्यानं हे दुमजली ग्रंथालय बांधलं. शेवटचा सम्राट पू यी यानं दिलेल्या पाटीवरून त्याचं नाव पडलं. भरभराटीत इथे सहा लाख अध्याय होते असं सांगतात, चिनी पुस्तकं तशीच मोजतात. हस्तलिखितं विकत घ्यायची, दुर्मीळ ग्रंथांचे लाकडी ठसे कोरून घ्यायचे, छापायचे आणि लोकांना वाटायचे. बंदी आलेली पुस्तकंसुद्धा त्यानं छापली. लेखक लू शुन यांनी त्याला 'वेडा सावकारपुत्र' म्हटलं, त्यात चेष्टेपेक्षा कौतुक अधिक होतं. भोवती तटबंदीऐवजी पाण्याचा खंदक आहे. चोराला अडथळा, आग लागली तर पाणी हाताशी. आतल्या फरसबंद चौकात पुस्तकांना ऊन दाखवत. १९५१ मध्ये त्यानं हे सगळं सरकारी ग्रंथालयाला देऊन टाकलं. नानशुनमध्ये एकच ठिकाण पाहायचं असेल तर मी नाचघर सोडीन, हे नाही.

संध्याकाळी उत्तरेला बाइच्यानलौ. मिंग राजवटीच्या काळात (चौदावं ते सतरावं शतक) दोंग फन नावाच्या बड्या अधिकाऱ्यानं आपल्या घरच्या बायकांच्या दासींसाठी बांधलेली घरं, असं सांगतात. कालव्याच्या वळणासोबत वळत जाणारी चारेकशे मीटरची ओळ, पुढे सलग ओसरी, दोन घरांमध्ये आग पसरू नये म्हणून उंच भिंती. इथे अजून लोक राहतात आणि ते पर्यटकांसाठी राहत नाहीत. एक आजोबा दारात बसून शेंगा सोलत होते. एक बाई पायऱ्या उतरून कालव्यात फडकं पिळत होती. ओसरी सार्वजनिक वाट असल्यानं आपण अक्षरशः लोकांच्या उंबऱ्यावरून चालतो, तेव्हा आवाज बेतानं आणि फोटो विचारून. हे सांगायला नको, पण आमच्यापुढे एक टोळकं घरात डोकावून टीव्हीवर काय लागलंय ते बघत होतं.

रविवार, दीगांगची तळी

पाऊस. बारीक, वारा नसलेला. टॅक्सीनं पाऊण तासावर दीगांग नावाचं खेडं आहे, तिथे गेलो. रेशीम जिथे पिकतं ती जमीन बघायची होती.

ही सगळी दलदल. शतकानुशतकं लोकांनी गाळ उपसला, खोल झालं तिथे तळं झालं, गाळ टाकला तिथे बांध झाला. बांधावर तुती लावली. तुतीचा पाला रेशीमकिड्यांना, किड्यांची लेंडी नि कोषातले मेलेले किडे तळ्यातल्या माशांना, माशांच्या विष्ठेनं सुपीक झालेला गाळ हिवाळ्यात उपसून पुन्हा तुतीच्या मुळाशी. तळ्यातही थरांची वाटणी आहे: वरच्या पाण्यात चंदेरी मासा, मध्ये गवत्या, तळाशी काळा, प्रत्येकाचं खाणं वेगळं, म्हणून भांडण नाही. बाहेरचं खत नको, टाकाऊ काही नाही. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं याला जागतिक महत्त्वाच्या शेती वारशाचा दर्जा दिला.

बांधावरून चाललो. तुती मी झाड म्हणून ओळखते. इथे ती कमरेइतकी छाटलेली, जाड बुंध्याची, मुठीसारख्या गाठीतून हिरव्या छड्या फुटलेली. दरवर्षी छाटून छाटून तशी झालेली. एक शेतकरी पाला टोपलीत भरत होता. वसंतातल्या पहिल्या किड्यांना हाच हंगाम. पाला ओला असला तर किडे आजारी पडतात, म्हणून तो घरी नेऊन पंख्याखाली पसरणार होता. टॅक्सीवाल्याच्या फोनवरच्या भाषांतरातून एवढं कळलं. तो पुढे म्हणाला, पोरं शांघायला, पाला तोडायला आता म्हाताऱ्यांशिवाय कुणी नाही. हे मला भाषांतराशिवायही कळलं असतं.

दीगांगमध्ये पहाटे अंधारातच उघडणारं एक जुनं चहाघर आहे. आम्ही दहाला पोचलो, तोवर म्हातारे चहा संपवून घरी गेले होते. दोघे उरले होते, पत्ते खेळत. ज्यांना ती पहाटेची गजबज पाहायची त्यांनी आदल्या रात्री इथेच मुक्काम करावा.

सोमवार, खरेदी आणि परत

गाडी दुपारची होती. सकाळी ह्यांनी गुलाबी रंगाचे तांदळाचे केक घेतले, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड सारण. ते गरमच खावेत, थंड झाले की रबर होतात.

मी रजईच्या दुकानात शिरले. दोन किड्यांनी मिळून केलेला कोष असतो, त्याचा धागा गुंततो, म्हणून तो एकसारख्या बारीक धाग्याला निरुपयोगी आणि रजईला उत्तम. तो उकळून कमानीवर ताणतात, मग चार बायका चार कोपरे धरून एकदम मागे सरतात आणि हाताएवढा तुकडा पलंगाएवढा होतो, कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ. असे थर एकावर एक रचायचे. दोन किलोच्या रजईत किती थर लागतात ते मोजायला मी उभी राहिले आणि मध्येच मोजणी चुकले, कारण बायकांच्या गप्पा चालू होत्या आणि हात चालतच होते. दुकानदारीणबाईंनी रजईच्या शिवणीतली बोटभर फट उघडून आतलं रेशीम दाखवलं. तशी फट नसेल तर घेऊ नका, असं निनादनं बजावलं होतं. भाव पहिल्यानं सांगितला त्याच्या निम्म्यावर आला.

"नाशिकच्या उन्हाळ्यात हे पांघरणार कोण?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्या बहिणीला महाबळेश्वरला पाठवू."

बाईंनी रजईतली हवा काढून ती वीतभर जाडीची केली, दोरीनं बांधली आणि वर एक हँडल लावून दिलं. शांघायच्या गाडीत ती वरच्या फळीवर नीट बसली.